दहा सेकंदांचा अभ्यास



संशोधन करणाऱ्या मुलांना फॉर्म फार भरावे लागतात. फेलोशिपचा वेगळा, सहामाही प्रगतीचा वेगळा, कुठे परिषदेला जायचं म्हटलं की त्याचा आणखी वेगळा. त्यांतल्या काहींच्या तळाशी एक रकाना असतो : छंद. माझ्या शेजारच्या टेबलावर बसणारा मुलगा तिथे सायकलिंग लिहितो आणि खरंच दर रविवारी सायकल घेऊन सागरेश्वरच्या अभयारण्याकडे सुटतो. एक मैत्रीण दंडोबाच्या डोंगरावर पाखरं बघत हिंडते. मी त्या रकान्यात ‘पखवाज’ लिहिते आणि लिहिताना दर वेळी हात जरा थबकतो. का, ते फॉर्म वाचणाऱ्या साहेबांना कळेल की नाही कोण जाणे, पण तुम्हाला कळेल. आपल्याकडे छंद हा फावल्या वेळचा नसतोच. अमक्याला नामाचा छंद लागला असं आपण म्हणतो, तेव्हा त्या माणसापाशी फावला वेळ उरलेला नसतो. शेतात, बाजारात, एसटीच्या रांगेत त्याचं तेच चाललेलं असतं. मग रकान्यात लिहायचा तो कोणता छंद?

तर आज तुमच्यापुढे दोन्ही मांडते, माझा अभ्यास आणि माझा पखवाज. दोन्ही एकाच घरातून आले आहेत, हे पुढे लक्षात येईलच.

मी सांगलीला राहून पीएचडी करते. सांगलीत इंजिनिअरिंग म्हटलं की जुनी माणसं अजून धोंडुमामा साठ्यांचं नाव काढतात. त्यांनी १९४७ साली सुरू केलेलं कॉलेज पुढे वालचंद महाविद्यालय झालं आणि या भागातल्या कितीतरी शेतकऱ्यांच्या मुलांनी त्या गावात येऊन नकाशे काढायला शिकून घेतलं. माझा विषय स्थापत्याचा, त्यात धरणांचा, आणि धरणांत एकच धरण, कोयनेचं. त्याच्याही आयुष्यातले फक्त दहा सेकंद. चौथं वर्ष चालू आहे. दहा सेकंदांना चार वर्षं, असं मी सांगितलं की आमच्या दिंडीतली माणसं हसतात. मीही हसते.

ते दहा सेकंद ११ डिसेंबर १९६७ चे. मार्गशीर्ष महिना, सोमवार, पहाटेचे चार वाजून एकवीस मिनिटं. कोयनानगरच्या परिसरात ६.३ तीव्रतेचा भूकंप झाला. सुमारे १८० माणसं गेली, कोयनानगरातली बहुतेक घरं पडली. त्या वेळी धरण नवंच होतं, बांधून पुरं होऊन चार वर्षंही झाली नव्हती, आणि पाण्याने जवळजवळ भरलेलं होतं. १०३ मीटर उंचीचं, आठशे मीटरहून लांब, दगड घातलेल्या काँक्रीटचं. धरणाच्या पोटात माणसाला चालता येईल असा बोगदा असतो, त्याला आम्ही गॅलरी म्हणतो. तिथे जमिनीचे हादरे टिपणारं एक यंत्र बसवलेलं होतं. त्या पहाटे ते यंत्र चालू होतं आणि त्याने हादऱ्यांची रेघ काढून ठेवली. भूकंपात सापडलेल्या एवढ्या मोठ्या धरणाची, त्याच्याच पोटातून मिळालेली अशी नोंद तोवर जगात कुठे नव्हती म्हटलं तरी चालेल. माझे दहा सेकंद म्हणजे ती रेघ.

धरणाला भेगा पडल्या. पायापासून साधारण ६६ मीटरवर, जिथे मागच्या बाजूचा उतार एकदम बदलतो, त्या उंचीवर पडल्या. माणसाची मान जशी खांद्यावरून वर निघते तशी ती जागा दिसते. मी तिला धरणाची मानच म्हणते. आता प्रश्न असा की हिशेब करून बांधलेल्या धरणाला भेगा का पडाव्यात? अमेरिकेत बर्कलीला प्राध्यापक असलेले अनिल चोप्रा आणि त्यांच्यासोबत पी. चक्रबर्ती यांनी १९७३ साली याचं उत्तर छापलं. धरण ज्या नियमाने बांधलं त्या नियमात भूकंप म्हणजे काय, तर धरणाच्या वजनाच्या शेकडा पाच इतक्या जोराने कोणीतरी बाजूने रेटतंय, एवढंच धरलेलं होतं. भरलेल्या पेटीला खांदा लावून ढकलावं तसं. त्या हिशेबाने भेग पडायचं कारणच नव्हतं. पण धरण पेटीसारखं एका जागी बसत नाही, ते झुलतं. एवढा डोंगराएवढा काँक्रीटचा ढीग, पण त्याचीही स्वतःची लय असते. कोयनेची सेकंदाला साधारण तीन झोके. जमीन त्या लयीच्या जवळपास हलली, धरण तिच्यात सापडलं आणि सगळा ताण मानेवर आला. चोप्रा-चक्रबर्तींनी तो हिशेब मांडून दाखवला तेव्हा भेगा जिथे पडल्या तिथेच त्या पडायला हव्या होत्या असं निघालं.

म्हणून आज चीनमध्ये असो, इराणमध्ये असो की कॅनडात, धरणाच्या भूकंपावर अभ्यास करणाऱ्या मुलाला कोयना हे नाव ठाऊक असतं. आम्ही संगणकावर ज्या प्रणाली वापरतो त्यांतल्या एका नामांकित प्रणालीच्या पुस्तकात नमुन्याचं गणित म्हणून कोयना धरणच दिलेलं आहे. पाटण तालुक्यातलं हेळवाक कुठे, तिथून पाटणला यायला कोणती गाडी, हे ज्यांना आयुष्यात कळायचं नाही ती मुलं आमच्या धरणाची मान सेंटिमीटरमध्ये सांगतात.

माझं काम त्यांच्या पुढचं, म्हणजे थोडंसंच पुढचं. जुनं काँक्रीट सगळीकडे सारखं नसतं. कुठे दगड जास्त, कुठे चुना-सिमेंट कमी, कुठे एका दिवसाचं काम थांबून दुसऱ्या दिवशी त्यावर नवा थर पडलेला. मी संगणकात धरण उभं करते, काँक्रीटची ताकद जागोजागी थोडी बदलते, आणि ते दहा सेकंद त्याला भोगायला लावते. मग भेग कुठून सुरू झाली, कुठे वळली, कुठे थांबली ते बघते. पुन्हा ताकद बदलते, पुन्हा दहा सेकंद. एका वेळेला सहा-सात तास लागतात, म्हणून रात्री लावून ठेवायचं आणि सकाळी जाऊन बघायचं. कित्येक सकाळी संगणक मध्येच रुसून बसलेला असतो.

आता घरचं सांगते.

आमचं गाव कोयनेच्या काठाला, पाटण तालुक्यातच. त्या पहाटे माझी आजी जात्यावर बसायला उठली होती. तेवीस-चोवीस वर्षांची असेल. आजोबा ओसरीवर, आणि आतल्या खोलीत तीन वर्षांची मुलगी निजलेली. मला आत्या झाली असती ती. घराच्या भिंती दगडमातीच्या, त्या काळी सगळ्यांच्याच तशा. अशी भिंत उभ्या वजनाला पिढ्यान्‌पिढ्या टिकते. आडवा हिसका बसला की दोन्ही बाजूंचे दगड एकमेकांना सोडतात आणि भिंत पोटातून फुटते. धरण मानेला भेगा पडून उभं राहिलं. आमची भिंत आत पडली. माझे वडील त्यानंतर दोन वर्षांनी जन्मले. त्या मुलीचं नाव घरात कोणी घेत नाही.

आजोबा गावच्या भजनात पखवाज वाजवायचे. ओसरीवर खुंटीला अडकवलेला होता म्हणून तो वाचला. वर्षभर त्यांनी त्याला हात लावला नाही, असं आजी सांगते. पुढल्या आषाढीला विणेकरीबाबा घरी आले, काही न बोलता बसून राहिले, उठताना पखवाज खुंटीवरून काढून आजोबांच्या पुढ्यात ठेवून गेले. मला शिकवायला लागले तेव्हा आजोबा सत्तरीला आलेले होते. भावाला गोडी नव्हती, म्हणून मी. मुलीच्या गळ्यात पखवाज बघून कोणी काही म्हणालं का? म्हणाले. आता म्हणत नाहीत. आता ठेका चुकला तर म्हणतात, आणि ते बरोबर आहे.

पखवाजाबद्दल तुम्हाला मी काय सांगणार? तुम्ही जन्मभर ऐकत आला आहात. पण एक गोष्ट मला कॉलेजात गेल्यावर कळली आणि तेव्हापासून मी उजव्या पुडीकडे वेगळ्या नजरेने बघते, ती सांगायचा मोह आवरत नाही. एखाद्या कड्यावर नुसतं कातडं ताणून बसवलं आणि त्यावर थाप मारली, तर त्यातून एकच आवाज निघत नाही. मूळ आवाजाबरोबर त्याच्या १.५९ पट, २.१४ पट, २.३० पट असे वरचे आवाज निघतात. या आकड्यांचा एकमेकांशी मेळ नाही, म्हणून कानाला नुसता दणका ऐकू येतो, स्वर लागत नाही. ढोलाचं असंच असतं. आपल्या पखवाजाच्या उजव्या पुडीला मधोमध शाई असते. त्या शाईच्या भाराने हे वरचे आवाज सरकतात आणि मूळ स्वराच्या बरोब्बर दुप्पट, तिप्पट, चौपट, पाचपट होऊन बसतात. म्हणून पखवाज सुरात लावता येतो आणि वीणेच्या तारेशी त्याचं जमतं. चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी शिवकाली कुमार यांच्यासोबत १९२० साली ‘नेचर’ नावाच्या विज्ञानपत्रिकेत यावर लिहिलं. नोबेल मिळायच्या दहा वर्षं आधीची ही गोष्ट. रामन यांनी सांगितलं ते कारण. पण शाईचा थर किती, कुठवर, कडेला किती पातळ, हे ज्यांनी घोटून घोटून, वाजवून वाजवून ठरवलं ते कारागीर त्याच्या कितीतरी पिढ्या आधीचे. त्यांतल्या एकाचंही नाव आपल्याला ठाऊक नाही.

पखवाज लावताना तुम्ही बघितलं असेल. डाव्या तोंडाला ओली कणीक लावायची, उजवीकडे हातोडी घेऊन कडेच्या गजऱ्यावर एकेका घरावर ठोकत फिरायचं. एका ठिकाणी चढला तर समोरच्या ठिकाणी उतरतो. गट्टे खालीवर करायचे, वाद्या ताणायच्या, पुन्हा फिरायचं. आजोबा म्हणायचे, सगळीकडून सारखं बोलेस्तोवर सोडायचं नाही. आमच्या प्रयोगशाळेत काँक्रीटचे ठोकळे तपासायला येतात. त्यांवर हातोडीने हलकं ठोकलं की चांगला ठोकळा खणकन बोलतो आणि आत भेग असलेला बद्द वाजतो. हे जुनं तंत्र आहे, मिस्त्रीलोक फरशी बसवतानाही तेच करतात. आम्ही त्याला यंत्र जोडतो : हातोडीत एक मापक, ठोकळ्यावर दुसरा, आणि मधला आवाज संगणकात. भेग असली की त्या वस्तूची स्वतःची लय थोडी मंदावते. किती मंदावली यावरून भेगेचा अंदाज येतो. माझ्या प्रबंधात यावर एक प्रकरण आहे. गोरोबाकाकांनी थापटणं घेऊन कोणतं मडकं कच्चं आणि कोणतं पक्कं हे संतमंडळींत कसं पाहिलं, ती कथा तुम्ही-आम्ही लहानपणापासून ऐकलेली. आमच्या सरांना मी ती सांगितली तेव्हा ते म्हणाले, हीच आपली तपासणीची पद्धत, फक्त नमुन्यांनी तक्रार केली नसती तर बरं झालं असतं.

तरी एक सांगून ठेवते. पखवाज वाजवते म्हणून हिला संशोधन जमतं, असं कोणी कौतुकाने म्हटलं तर मला ते पटत नाही. पखवाज वेळ खातो. सप्ताह आला की चार दिवस जातात, एकादशीचं जागरण झालं की दुसऱ्या दिवशी आकडे डोळ्यांपुढे नाचतात. उलट प्रबंधाची घाई असली की हात जड होतो आणि पावलीचा ठेका धावायला लागतो. दोन्ही एकमेकांना मदत करतात असं मला फार थोड्या वेळा दिसलं आहे. दोन्ही सोडवत नाहीत, एवढंच खरं.

वीणेचं मात्र एक गमतीचं. आमच्या मंडळाची वीणा मिरजेला दुरुस्तीला न्यायचं काम माझ्याकडे असतं. मिरजेतली तंतुवाद्यांची परंपरा दीडशे वर्षांहून जुनी, आणि तिथल्या सतार-तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकनही मिळालं. तिथे भोपळे रचून ठेवलेले असतात. कुठले, म्हणून विचारलं तर पंढरपूर-मंगळवेढ्याकडचे. भीमेच्या अंगाला पिकलेला भोपळा मिरजेला येतो, वाद्य होतो, आणि त्यांतली काही वाद्यं कोणाच्या ना कोणाच्या गळ्यात पडून पुन्हा पायी पंढरपूरला जातात.

सांगलीत आमचं भजन हरिपुरात होतं. कृष्णा-वारणेचा संगम, काठाला संगमेश्वर. हरिपूर म्हणजे हळदीच्या पेवांचं गाव. जमिनीखालच्या त्या पेवांत हळद वर्षानुवर्षं टिकायची. २००५ च्या पुराने ती बुडवली. २०१९ च्या ऑगस्टात तर सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांच्या वर गेलं; धोक्याची खूण ४५ फुटांवर आहे. कोयनेचं पाणी कऱ्हाडला कृष्णेला मिळतं आणि आमच्याकडे येतं, हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. म्हणून श्रावणात भजन संपलं, चहा आला की कोणीतरी विचारतंच, ‘ताई, धरण फुटणार तर नाही ना?’

मी त्यांना जे माहीत आहे ते सांगते. पूर येणं आणि धरण फुटणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पूर पावसाचा आणि सोडलेल्या पाण्याचा; त्याचा माझा अभ्यास नाही. धरणाचं म्हणाल तर १९६७ साली त्याला जेवढा मार बसला तेवढा मार सोसायला ते बांधलेलंच नव्हतं, आणि तरी ते उभं राहिलं. नंतर भेगा भरून घेतल्या, पोलादी तारांनी वरचा भाग खाली आवळला, आणि मागच्या अंगाने काँक्रीटचे जाड टेकू दिले. मान आता पूर्वीची राहिलेली नाही. त्यानंतरही पाचाच्या वरचे धक्के त्या भागाला अनेकदा बसले आहेत. एवढं सांगितल्यावर काहींचं समाधान होतं. काही म्हणतात, पांडुरंगाच्या मनात असेल ते होईल. मला पांडुरंगाबद्दल काही म्हणायचं नसतं, पण जिथे हिशेब करता येतो तिथे हिशेब केल्याशिवाय त्याचं नाव पुढे करू नये, असं मला वाटतं. हे मी हरिपुरात बोलूनही दाखवलं आहे. दोन बाबा माझ्याशी आठवडाभर बोलले नाहीत, मग बोलायला लागले.

खरा प्रश्न मला घरातून आला.

वारी मला पूर्ण करता येत नाही. माउलींची पालखी नीरा ओलांडून आपल्या सातारा जिल्ह्यात आली की लोणंदला मी सामील होते आणि फलटण, बरड करून जिल्ह्याच्या हद्दीपर्यंत चालते. तेवढे दिवस सुट्टी मिळते. आजी पंच्याहत्तरीपर्यंत आळंदीपासून चालायची. आता चांदोबाचा लिंबला उभं रिंगण बघायला येते आणि एक मुक्काम तरडगावला आमच्याबरोबर राहते. गेल्या वर्षी तरडगावात हरिपाठ झाला, जेवणं झाली, पाऊस भुरभुरत होता. तंबूत आडवं झाल्यावर आजी अंधारात म्हणाली, ‘तुझ्या त्या कम्प्युटरात धरणात पाणी घालून बघता येतं न्हवं?’

म्हटलं, येतं.

‘आणि पाणी काढून?’

माउली, चार वर्षांत मला तज्ज्ञ मंडळींनी पुष्कळ प्रश्न विचारले. इतका नेमका प्रश्न कोणी विचारला नव्हता. तिला काय विचारायचं होतं ते मला लगेच कळलं. धरण नसतं, पाणी नसतं, तर ती पहाट आली असती का?

मी म्हटलं, माझा संगणक धरणाचं सांगतो, जमिनीचं नाही. पण जमिनीचं सांगणारी माणसं आहेत. मग तिला सांगितलं. धरणात १९६२ च्या सुमारास पाणी साठायला लागलं आणि लहान लहान हादरे जाणवायला लागले. त्याआधी हा भाग शांत समजला जाई. जमिनीच्या पोटात ताण होता, तो माणसाने घातलेला नव्हता. पण वर एवढं पाणी उभं राहिलं, त्याचं वजन आलं, पाणी खडकांच्या फटींतून खोल झिरपलं, आणि तिथे जे कसंबसं धरून होतं ते सुटलं. साठ वर्षं झाली, अजून पावसाळ्यात धरण भरलं की पुढच्या काही महिन्यांत हादऱ्यांची संख्या वाढते. कऱ्हाडजवळ हजारमाचीला केंद्र सरकारची प्रयोगशाळा आहे. तिथल्या शास्त्रज्ञांनी कोयनेच्या भागात तीन किलोमीटर खोल भोक पाडलं आहे, आपल्या काळ्या दगडाचा थर पार करून खालच्या खडकापर्यंत. हादरे जिथून निघतात त्याच्या जवळ जाऊन बघायचं म्हणून.

‘तिथवर खाली गेली माणसं?’

यंत्रं गेली, म्हटलं.

‘मग पाणी नसतं तर?’

कधीतरी झालाही असता, आजी. बहुतेक त्या पहाटे झाला नसता.

ती बराच वेळ बोलली नाही. मला वाटलं झोप लागली. मग म्हणाली, ‘सगळी म्हणायची, भोग हुता. मी बी व्हय म्हणायची.’ आणि कूस बदलली. मी उत्तर दिलं नाही. द्यायचं होतं असंही नाही. बाहेर शेजारच्या दिंडीत कोणीतरी अजून टाळ वाजवत होतं, तेही थांबलं. सकाळी उठून तिने माझ्या पखवाजासाठी कणीक मळून दिली, फडक्यात बांधून, रोजच्यासारखी.

मला हे तुम्हाला सांगावंसं वाटलं ते अशासाठी की धरणाबद्दल आपल्याकडे दोनच तऱ्हेने बोललं जातं. कोयनेने महाराष्ट्राला वीज दिली, १९६० मेगावॉटचा प्रकल्प, हे खरंच आहे. मी हे लिहिते आहे तो दिवाही कदाचित तिच्याच विजेवर असेल. आणि कोयनेने गावं बुडवली, माणसं उठवली, त्यांतल्या कित्येकांना हक्काच्या जमिनीसाठी दोन-दोन पिढ्या खेटे घालावे लागले, हेही खरं आहे. या दोन्हींत आजीच्या मुलीला जागा नाही. ती प्रकल्पग्रस्तांच्या यादीत नाही. भूकंपग्रस्तांच्या आकड्यात आहे, तीही त्या १८० मधली एक. माझ्या प्रबंधातही भिंतींबद्दल एक ओळ नाही, कारण विषय धरणाचा आहे.

दिवाळीत घरी गेले तेव्हा लॅपटॉप नेला होता. आजीला म्हटलं, बघायचं आहे? ती पाट घेऊन बसली. पडद्यावर धरणाची आकृती असते, हालचाल डोळ्यांना दिसावी म्हणून कित्येक पटींनी वाढवलेली. मी सुरू केलं. धरण झुललं, मानेपाशी लाल डाग आला, डाग आडवा पसरला, थांबला.

‘एवढंच?’

एवढंच. दहा सेकंद.

‘पुन्हा लाव.’

तीनदा लावलं. तिसऱ्यांदा संपल्यावर ती म्हणाली, ‘मला लई येळ वाटला हुता.’

आता लिखाण चालू आहे. दोन प्रकरणं झाली, तिसरं सरांकडे आहे. पखवाजाची उजवी पुडी सैल झाली होती, ती भरायला दिली आहे. पौष संपेपर्यंत मिळेल असं कारागीर म्हणतात. प्रबंधाच्या सुरुवातीला एक पान असतं, तिथे काय लिहायचं ते ज्याचं त्याने ठरवायचं असतं, विद्यापीठ त्यात पडत नाही. तिथे त्या मुलीचं नाव लिहू का, असं मी आजीला विचारलं आहे. ती हो म्हणाली नाही आणि नाही म्हणाली नाही. छपाईला अजून तीन महिने आहेत.